कॅलिफोर्नियाचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण (१८६०–१८७४) : पैसा, माणसे आणि कामाचा क्रम

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने २१ एप्रिल १८६० रोजी एक कायदा करून राज्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू केले. जोसाया ड्वाइट व्हिटनी हे त्याचे प्रमुख होते. हे काम चौदा वर्षे चालले. मधली दोन वर्षे विधिमंडळाने पैसे दिले नाहीत आणि १८७४ मध्ये ते कायमचे बंद केले. ठरलेल्या ग्रंथांपैकी बरेचसे तेव्हा छापायचे राहिले होते. तरीही अमेरिकेतील पर्वतीय प्रदेशांचे नकाशे काढण्याची रीत आणि पुढच्या पिढीतील काही नामांकित सर्वेक्षक याच कामातून पुढे आले.

या लेखात खडकांविषयी थोडे आणि हिशेबाविषयी जास्त आहे. दरवर्षी किंवा दर दोन वर्षांनी मंजूर होणाऱ्या पैशावर दहा-पंधरा वर्षांचे काम कसे चालवायचे, पगार थकले तर माणसे कशी टिकवायची आणि पैसे देणाऱ्याच्या हाती आधी काय ठेवायचे, हे प्रश्न या सर्वेक्षणाला पहिल्या दिवसापासून भेडसावत होते. कोश, सूची, ग्रंथालय किंवा स्थानिक इतिहास यांसारखे लांब पल्ल्याचे काम कधी अंगावर घेतलेल्या सभासदांना ते अपरिचित वाटणार नाहीत.

राज्य सर्वेक्षण म्हणजे काय

आपल्याकडे १८५१ साली थॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झाले. ते सबंध देशासाठी एकच खाते होते. अमेरिकेत क्रम उलटा होता. तिथे आधी एकेका राज्याने आपापले सर्वेक्षण काढले आणि देशपातळीवरचे कायमचे खाते फार उशिरा, १८७९ मध्ये स्थापन झाले. राज्याचा प्रत्येक डॉलर विधिमंडळाच्या मंजुरीने खर्च व्हायचा. त्यामुळे सर्वेक्षणाच्या प्रमुखाला डोंगरात हातोडा आणि राजधानीत वकिली अशी दोन्ही कामे करावी लागत.

कॅलिफोर्नियाच्या आधी या कामाच्या पैशाचे निरनिराळे नमुने होऊन गेले होते. नॉर्थ कॅरोलिनाने १८२३ मध्ये डेनिसन ओल्मस्टेड या प्राध्यापकांना वर्षाला २५० डॉलर, अशी चार वर्षांची तरतूद दिली. हे सगळे काम एकट्या माणसाच्या फावल्या वेळेचे होते. न्यूयॉर्कने १८३६ मध्ये वर्षाला २६,००० डॉलरप्रमाणे चार वर्षांचे मिळून १,०४,००० डॉलर एकदमच मंजूर केले. राज्याचे चार भाग पाडले, प्रत्येक भागाला स्वतंत्र भूवैज्ञानिक नेमला आणि वनस्पती, प्राणी व खनिजे यांच्यासाठी वेगळी माणसे घेतली. चार वर्षे पैसा हलणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांना कामाची आखणी करता आली.

पेनसिल्व्हेनियाचा अनुभव वेगळा होता. तिथेही सर्वेक्षण १८३६ मध्येच सुरू झाले, पण १८४२ मध्ये राज्याला कर्जावरचे व्याजही देता येईना, तेव्हा ते थांबले. प्रमुख हेन्री डार्विन रॉजर्स यांचा अंतिम अहवाल छापून यायला १८५८ साल उजाडले. मोजमापे तयार होती, माणसे पांगली होती आणि कागद सोळा वर्षे पडून होते.

व्हिटनी यांना हा इतिहास माहीत होता. न्यू हॅम्पशायर, लेक सुपीरियरचा परिसर आणि आयोवा अशा ठिकाणच्या पाहण्यांत त्यांनी स्वतः काम केले होते. १८५४ मध्ये अमेरिकेच्या खनिज संपत्तीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. अर्थात ते अनुभवी होते. अडचण आली ती दुसरीकडून.

कायद्यातील एक कलम आणि त्याचे दोन अर्थ

१८४८ मध्ये कोलोमा इथे सोने सापडले आणि दोन वर्षांत कॅलिफोर्निया राज्य झाले. पन्नाशीच्या दशकात जॉन ट्रास्क यांनी थोड्या पैशात काही अहवाल लिहिले होते, पण संपूर्ण राज्याची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. १८६० मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. क्षेत्रफळ मात्र सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून बरेच मोठे. कर भरणारे हात थोडे आणि मोजायची जमीन अफाट.

कायद्यानेच व्हिटनी यांचे नाव घालून त्यांची नेमणूक केली. मदतनीस निवडण्याची मोकळीक त्यांना दिली आणि सुरुवातीला २०,००० डॉलर मंजूर केले. कामाची व्याख्या मात्र फार रुंद होती. राज्याचे अचूक व संपूर्ण सर्वेक्षण करायचे. नकाशे आणि आकृत्यांसह खडक, जीवाश्म, माती, खनिजे, तसेच वनस्पती व प्राणी यांचे पूर्ण शास्त्रीय वर्णन द्यायचे. शिवाय नमुनेही गोळा करायचे.

हा मजकूर व्हिटनी यांनी अक्षरशः घेतला. संपूर्ण म्हणजे संपूर्ण. आधी नकाशा, मग खडकांचा क्रम, मग खाणी. मतदान करणाऱ्या आमदारांपैकी अनेकांच्या मनात मात्र एकच प्रश्न होता : पुढचे सोने कुठे आहे? कायद्याच्या शब्दांत व्हिटनी बरोबर होते. मतदारसंघात परतून खर्चाचा जाब देणाऱ्या आमदाराचेही चूक नव्हते. दोन्ही पक्षांनी एकाच कागदावर समाधान मानले आणि 'आधी काय' हे कुणी लिहून घेतले नाही. पुढच्या चौदा वर्षांतील बहुतेक भांडणांचे मूळ इथे सापडते.

माणसांची निवड

व्हिटनी यांची सर्वांत चांगली नेमणूक म्हणजे विल्यम हेन्री ब्रुअर. ते न्यूयॉर्ककडच्या शेतकरी कुटुंबातले. येलमध्ये शिकून जर्मनी आणि फ्रान्समध्ये पुढचे शिक्षण घेतलेले. येलमधील प्राध्यापक जॉर्ज ब्रश यांनी त्यांचे नाव सुचवले. त्याच वर्षी ब्रुअर यांची पत्नी आणि तान्हा मुलगा वारले होते. अशा मनःस्थितीत त्यांनी देशाच्या दुसऱ्या टोकाची नोकरी पत्करली आणि आगबोटीने पनामामार्गे नोव्हेंबर १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरले.

कागदोपत्री ब्रुअर मुख्य सहायक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रत्यक्षात तंबू, खेचरे, शिधा आणि मुक्कामाची जागा ही सगळी व्यवस्था त्यांच्याकडेच होती. मुळात शेतकरी असल्याने जनावरांची देखभाल त्यांना येत होती. व्हिटनी सॅन फ्रान्सिस्कोतील कचेरी, पत्रव्यवहार आणि विधिमंडळ सांभाळत, आणि डोंगरातली तुकडी ब्रुअर चालवत. ही वाटणी चार वर्षे टिकली, म्हणूनच काम उभे राहिले.

बाकीची माणसे हळूहळू जमत गेली. खाणींसाठी विल्यम ॲशबर्नर होते. जीवाश्मांसाठी फिलाडेल्फियाचे विल्यम गॅब आले, तेव्हा ते जेमतेम विशीतले होते. प्राण्यांचे काम जेम्स कूपर यांच्याकडे होते. ते वैद्यकी करत आणि सर्वेक्षणाचे काम तुटक तुटक काळात करत. हिशेब आणि इतर किरकोळ कामांना चेस्टर ॲव्हेरिल होते. पहिल्या तुकडीत गव्हर्नर डाउनी यांच्या पत्नीच्या माहेरचा गिरादो नावाचा तरुणही होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात अशी एखादी नेमणूक असतेच, याचे आपल्याला नवल वाटायला नको.

नकाशांची बाजू चार्ल्स हॉफमन या जर्मनीहून आलेल्या तरुणाने सांभाळली. उंच शिखरावर चढायचे, तिथून दिसणाऱ्या खुणांचे कोन घ्यायचे, बॅरोमीटरने उंची काढायची आणि जागेवरच डोंगराचा आकार कागदावर उतरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. साखळीने सगळी जमीन मोजण्याइतका पैसा आणि माणसे नव्हती. त्या टंचाईतून आलेली ही रीत पुढे अमेरिकेतील इतर सर्वेक्षणांनी उचलली.

१८६२ चा पूर आणि थकलेले पगार

डिसेंबर १८६० मध्ये लॉस एंजेलिसपासून क्षेत्रकार्य सुरू झाले. पहिले वर्ष बरे गेले. मग १८६१-६२ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात अभूतपूर्व पाऊस पडला. मधले सबंध खोरे पाण्याखाली गेले. राजधानी सॅक्रामेंटो बुडाली. नवे गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना जानेवारी १८६२ मध्ये शपथविधीला होडीतून जावे लागले आणि विधिमंडळाने आपला मुक्काम काही काळासाठी सॅन फ्रान्सिस्कोला हलवला.

गुरे गेली, पिके गेली, घरे गेली, त्याबरोबर करही गेला. राज्याची तिजोरी रिकामी पडली आणि सरकारी माणसांचे पगार थकले. सर्वेक्षण हे तर सगळ्यांत नवे आणि सगळ्यांत कमी तातडीचे खाते. मंजूर झालेला पैसा आणि हातात पडलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे तेव्हा या मंडळींना कळले. पैशाअभावी १८६२ मध्ये ॲशबर्नर यांना काम सोडावे लागले. म्हणजे आमदारांना ज्या विषयात सर्वाधिक रस होता, त्या खाणींच्या विषयाचा माणूसच आधी गेला. या एका कपातीचे पुढे किती महाग मोल पडले, याचा विचार करण्यासारखा आहे.

व्हिटनी यांनी पदरचे पैसे घातले. ब्रुअर यांचा पगार अनेक महिने येणे होता. तरीही तुकडी डोंगरात राहिली. याचे एक कारण असे की मुक्कामावर खर्च कमी होता : तंबूला भाडे नव्हते, खेचरे रानातले गवत खात, आणि पीठ, डुकराचे खारवलेले मांस व कॉफी यांवर दिवस निघत. शहरात बसून अहवाल लिहिणे त्या मानाने खर्चिक. क्षेत्रकार्य पुढे धावत राहिले आणि लेखन मागे पडत गेले, याला ही साधी काटकसरही कारणीभूत असावी.

चार वर्षांत ब्रुअर यांनी केलेल्या प्रवासाचा त्यांचाच हिशेब उपलब्ध आहे : खेचरावर ७,५६४ मैल, पायी ३,१०१ मैल आणि बग्गी, आगबोट वगैरे सार्वजनिक वाहनांनी ४,४४० मैल. एकूण १५,१०५ मैल, म्हणजे २४,००० किलोमीटरहून जास्त. या काळात त्यांनी घरी लिहिलेली पत्रे १९३० मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या काळच्या कॅलिफोर्नियाचे इतके रोजचे आणि खरे चित्र क्वचितच दुसरीकडे मिळते.

बिनपगारी सहकारी

१८६३ मध्ये ब्रुअर यांना सॅक्रामेंटो नदीवरील आगबोटीत दोन तरुण भेटले. क्लॅरेन्स किंग आणि जेम्स गार्डिनर हे दोघे मित्र घोड्यावरून देश ओलांडून आले होते. किंग यांनी पगार न घेता काम करण्याची तयारी दाखवली. ब्रुअर त्यांना घेऊन थेट लॅसन शिखराच्या मोहिमेवर गेले. काही काळाने गार्डिनर यांनीही सर्वेक्षणात प्रवेश केला.

१८६४ च्या उन्हाळ्यात ब्रुअर, हॉफमन, किंग, गार्डिनर आणि सामानाची जबाबदारी असलेले रिचर्ड कॉटर अशा पाच जणांनी सिएरा नेवाडाच्या दक्षिण भागातील उंच मुलूख पाहिला. तोवर या भागाचा नकाशाच नव्हता. २ जुलैला ब्रुअर आणि हॉफमन एका शिखरावर चढले. ते आज माउंट ब्रुअर म्हणून ओळखले जाते. तिथून त्यांना अपेक्षेहून कितीतरी उंच रांग पलीकडे दिसली. किंग आणि कॉटर पाठीवर काही दिवसांचा शिधा घेऊन निघाले आणि ६ जुलैला माउंट टिंडलवर पोहोचले. तिथून दिसलेल्या सर्वांत उंच शिखराला त्यांनी आपल्या प्रमुखांचे नाव दिले. ते माउंट व्हिटनी. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ते सर्वांत उंच शिखर आहे.

ही कथा सांगायला छान वाटते, पण हिशेबाच्या वहीत तिला दुसरी बाजू आहे. ज्याला पगाराची गरज नाही असाच तरुण बिनपगारी राबू शकतो. असा माणूस राहील किंवा जाईल, त्याला धरून ठेवता येत नाही. पगारी माणसे पैशाअभावी गेली आणि त्यांची जागा हौशी माणसांनी भरली, की काम थोडे दिवस अधिकच जोमात दिसते. पुढे वर्षानुवर्षे बसून तक्ते तपासणे, नमुन्यांवर चिठ्ठ्या लावणे, मुद्रिते वाचणे ही कामे कुणी करायची, हा प्रश्न उरतोच.

नोव्हेंबर १८६४ मध्ये ब्रुअर येलमध्ये शेतकीचे प्राध्यापक म्हणून निघून गेले. व्हिटनी यांनाही १८६५ मध्ये हार्वर्डमध्ये प्राध्यापकपद मिळाले. सर्वेक्षणाचे प्रमुखपद त्यांनी सोडले नाही, पण आता त्यांचा एक पाय देशाच्या पूर्व किनाऱ्यावर होता.

पहिला ग्रंथ : शंख-शिंपल्यांचा

विधिमंडळाने चार वर्षे पैसे दिले, आणि १८६४ मध्ये पहिला मोठा खंड हाती आला. तो जीवाश्मांवरचा होता. सोन्याच्या राज्यातील आमदारांना शंख-शिंपल्यांची चित्रे मिळाली. त्यावर टिंगल झाली नसती तरच आश्चर्य.

शास्त्राच्या दृष्टीने व्हिटनी यांचा क्रम चुकीचा नव्हता. कोणता थर जुना आणि कोणता नवा, हे जीवाश्मांवरून ठरते. त्या काळी अनेक मोठे भूवैज्ञानिक असे मानत की सोने फक्त फार प्राचीन खडकांतच असते. कॅलिफोर्नियातील सोने देणाऱ्या पाटीच्या दगडांत सर्वेक्षणाच्या माणसांना त्या मानाने बऱ्याच अलीकडच्या, ज्युरासिक काळातील जीवांचे अवशेष मिळाले आणि तो समज मोडला. सोने कुठे शोधायचे याविषयीची ही मोलाची माहिती होती. पण ती शिंपल्याच्या चित्राआडून आमदाराला दिसणे कठीण होते आणि व्हिटनी यांनी ती त्याच्या भाषेत समजावून सांगण्याचा फारसा प्रयत्न केला नाही.

भूविज्ञानाचा सर्वसाधारण खंड १८६५ मध्ये आला. सोनेवाहक वाळू-खड्यांच्या थरांवरचा ग्रंथ, ज्याची खाणवाल्यांना खरी वाट होती, तो मात्र सर्वेक्षण बंद पडल्यावर, १८८० मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाकडून प्रसिद्ध झाला. या दोन तारखा उलट्या असत्या तर सर्वेक्षणाचे आयुष्य कदाचित वाढले असते.

न्यूयॉर्कच्या जेम्स हॉल यांची आठवण इथे होते. तेही जीवाश्मांचेच अभ्यासक. त्यांच्या जीवाश्मग्रंथाचा पहिला खंड १८४७ मध्ये निघाला आणि शेवटचा १८९४ मध्ये : आठ खंड, तेरा पुस्तके. हॉल राजधानी ऑल्बनीतच राहत. अधिवेशनामागून अधिवेशन आमदारांना गाठत राहिले, पैसा थांबला की पदरमोड करत राहिले आणि १८७५ मध्ये आपला संग्रह न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला ६५,००० डॉलरला विकला. विषय तोच, स्वभाव आणि जागा वेगळी. प्रमुख माणूस राजधानीत राहतो की तीन हजार मैलांवर, याचा मंजुरीवर परिणाम होतो.

तेलाचा वाद

१८६४ मध्ये येलचे रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन (धाकटे) यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात पेट्रोलियमचे मोठे साठे असल्याचा उत्साही अहवाल दिला. त्यावर कंपन्या निघाल्या, समभाग खपले. व्हिटनी यांनी या दाव्यांवर उघडपणे अविश्वास दाखवला. विहिरींतून अपेक्षेइतके तेल आले नाही आणि भाव कोसळले, पण पैसे बुडालेल्यांच्या आणि तेलाची जाहिरात करणाऱ्यांच्या मनात राग राहिला तो व्हिटनी यांच्याविषयी. सर्वेक्षण राज्याच्या भरभराटीच्या आड येते, अशी हाकाटी सुरू झाली.

गंमत अशी की काही दशकांनी दक्षिण कॅलिफोर्नियात खरोखरच प्रचंड तेल निघाले. १८६५ मध्ये हातातल्या पुराव्यावरून सावध राहणे योग्य होते. पण सावध सल्ला देणाऱ्याला मित्र लागतात. व्हिटनी यांची जीभ तिखट होती आणि विधिमंडळाविषयीचा तिरस्कार ते लपवत नसत. अडचणीच्या वेळी बाजूने बोलणारे फार थोडे उरले.

दोन वर्षांचे अधिवेशन आणि दोन विराम

१८६२ च्या घटनादुरुस्तीनंतर कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ दर दोन वर्षांनी भरू लागले. सर्वेक्षणाच्या दृष्टीने हे दुधारी होते. मंजुरी मिळाली तर दोन वर्षांची निश्चिंती, नाही मिळाली तर दोन वर्षांचा उपास. दर वेळी बरेच आमदार नवे असत आणि कायद्यामागची मूळ चर्चा त्यांना माहीत नसे.

१८६८ च्या अधिवेशनात तरतूद झाली नाही. काम बहुतांशी थांबले. व्हिटनी यांनी हार्वर्डच्या आणि स्वतःच्या बळावर काही लेखन चालू ठेवले. याच सुमारास त्यांनी योसेमिटी खोऱ्यावरचे पुस्तक काढले. १८६८ च्या या आवृत्तीत कार्लटन वॉटकिन्स यांची मूळ छायाचित्रे चिकटवली होती आणि तिच्या अवघ्या २५० प्रती होत्या. पुढच्या वर्षी त्याचीच सुटसुटीत मार्गदर्शिका निघाली. सामान्य माणसाच्या हातात पडेल असे सर्वेक्षणाचे हे पहिलेच पुस्तक. ते आठ वर्षांनी आले.

१८७० मध्ये पैसा पुन्हा सुरू झाला. पक्ष्यांवरचा खंड त्याच वर्षी निघाला. कूपर यांच्या हस्तलिखितावरून स्पेन्सर बेअर्ड यांनी तो संपादित केला. मध्य कॅलिफोर्नियाच्या मोठ्या नकाशाचे काम पुढे सरकले. पण १८७४ च्या अधिवेशनाने तरतूद नाकारली आणि सर्वेक्षण संपले. जमवलेले नमुने राज्याच्या नव्या विद्यापीठाकडे गेले.

अपुरे राहिलेल्यांपैकी वनस्पतींचे दोन खंड मात्र वाचले. न्यायाधीश क्लिंटन हेस्टिंग्ज यांच्या पुढाकाराने सॅन फ्रान्सिस्कोच्या धनिकांनी वर्गणी काढली. त्यांत लेलँड स्टॅनफर्ड आणि डॅरियस मिल्स यांचा समावेश होता. त्या पैशातून १८७६ आणि १८८० मध्ये ते प्रसिद्ध झाले. ब्रुअर यांनी खेचरावरून गोळा केलेली रोपे अशी सोळा वर्षांनी छापखान्यात पोहोचली.

१८८० मध्ये राज्याने वेगळी खाण कचेरी काढली. तिचे काम ठरावीक आणि व्यवहाराचे होते : खनिजांची माहिती आणि खाणवाल्यांना उत्तरे. विधिमंडळाला वीस वर्षांपूर्वी बहुधा हेच हवे होते.

काय उरले

क्लॅरेन्स किंग यांनी पंचविशीतच केंद्र सरकारकडून चाळिसाव्या अक्षांशालगतच्या प्रदेशाचे सर्वेक्षण मिळवले. १८६७ मध्ये सुरू झालेल्या त्या कामात त्यांनी गार्डिनर यांना सोबत घेतले. १८७९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले तेव्हा किंगच त्याचे पहिले संचालक झाले. व्हिटनी यांच्या हाताखाली बिनपगारी राबलेला मुलगा देशाच्या खात्याचा प्रमुख झाला. हिशेबाच्या वहीत हे फळ कुठेही दिसत नाही.

आपल्याकडचा एक धागा : बेळगाव आणि बडोदे

रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव आपल्या भागात ओळखीचे असायला हवे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असताना त्यांनी बेळगाव, कलादगी आणि आसपासच्या मुलखाची पाहणी केली. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत आला. १८९१ मध्ये निवृत्त झाल्यावर सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने त्यांना आपल्या राज्याच्या पाहणीसाठी घेतले. त्याचा ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे म्हैसूर संस्थानानेही १८९४ मध्ये असे खाते उभारताना त्यांचीच मदत घेतली.

बडोद्यात विधिमंडळाची मनधरणी नव्हती. दरबाराने ठरवले की काम चाले. आकाराने लहान राज्य, एक अनुभवी माणूस, मोजके काम आणि शेवटी एक ग्रंथ, असा तो नमुना होता. कॅलिफोर्नियाची तुलना त्याच्याशी सरळ होत नाही. तरी एक गोष्ट लक्षात येते : जेवढे काम सांगितले तेवढाच माणूस आणि तेवढीच मुदत असेल, तर काम पुरे होते.

थोडक्यात कालक्रम

- १८६० : कायदा, व्हिटनी यांची नेमणूक, २०,००० डॉलर मंजूर.
- १८६२ : महापूर, पगार थकले, ॲशबर्नर गेले, दर दोन वर्षांनी अधिवेशनाची घटनादुरुस्ती.
- १८६४ : जीवाश्मांचा पहिला खंड, दक्षिण सिएराची मोहीम, ब्रुअर येलला.
- १८६५ : भूविज्ञानाचा खंड, व्हिटनी हार्वर्डमध्ये, तेलाचा वाद.
- १८६८–१८७० : तरतूद नाही.
- १८७४ : सर्वेक्षण बंद.
- १८७६, १८८० : वनस्पतींचे खंड वर्गणीतून.

मंडळांनी घेण्यासारखे

या हिशेबातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, लांबच्या कामाला पैसा मुदतीसकट मागावा. न्यूयॉर्कच्या चार वर्षांच्या एकरकमी मंजुरीने जे साधले ते सालोसाल हात पसरून साधत नाही. दुसरी, कपात करायची वेळ आली तर देणगीदाराच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस शेवटपर्यंत ठेवावा. तिसरी, मोठा ग्रंथ होईल तेव्हा होवो. दरवर्षी काहीतरी लहान, उपयोगी आणि सर्वांना कळेल असे लोकांच्या हाती द्यावे. योसेमिटीची मार्गदर्शिका पहिल्या दोन-तीन वर्षांत निघाली असती, तर १८६८ च्या अधिवेशनात तिच्या वाचकांपैकी कुणीतरी सर्वेक्षणाच्या बाजूने नक्की उठले असते.

व्हिटनी १८९६ मध्ये वारले. त्यांच्या नावाचे शिखर आज लाखो लोक ओळखतात. पण त्या शिखराचा पत्ता लावणाऱ्या तुकडीचे पगार वेळेवर झाले नव्हते, एवढे आपण लक्षात ठेवावे.